कल्याणची यमू आणि जोसनची जांग-गुम

नरक चतुर्दशीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर पाय ठेवायला जागा नसते, हे तुम्हाला सांगायला नको. ती गर्दी तुम्हीच असता. कोणी आईची नऊवारी नेसून आलेली, कोणी काकाकडून फेटा बांधून घेतलेला, एका हाताने नथ सांभाळत दुसऱ्या हाताने सेल्फी. ठाण्यात हाच थाट राम मारुती रोडवर आणि तलावपाळीला. वर्षातून एक सकाळ आपण सगळेच जरा 'ऐतिहासिक' दिसतो. मग दुपारी फराळ, झोप, आणि संध्याकाळी पुन्हा मोबाइल. मोबाइलवर काय? तर जोसन राजवटीतल्या कुठल्याशा राणीच्या महालात शिजणारं कारस्थान, एपिसोड नऊ.

हा टोमणा नाही. टोमणे मारायला घरची मंडळी आहेतच. "काय त्या चिंक्या-मिंक्या बघत बसता" हे वाक्य ऐकलेलं नाही असा के-ड्रामा बघणारा ठाणे जिल्ह्यात सापडायचा नाही. (ते वाक्य चूक आहे, आणि नुसतं असभ्यच नाही तर अडाणीपणाचंही आहे, हे घरी एकदा शांतपणे सांगून टाका.) प्रश्न वेगळा आहे. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये, समोरच्याच्या पाठीवर फोन टेकवून, दिव्यापासून मुलुंडपर्यंत तुम्ही जे बघता त्यातून तुम्हाला पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या कोरियाची किती माहिती झाली, हे कधी मोजलंय? राजाला 'जोन्हा' म्हणतात. राणीच्या नावापुढे 'मामा' लावतात, ज्यावर आपण पहिल्यांदा खो-खो हसलो आणि तिसऱ्या एपिसोडपासून हसायचं विसरलो. डोक्यावरच्या त्या काळ्या जाळीदार टोपीला 'गत' म्हणतात. अंगरख्याच्या रंगावरून माणसाचा हुद्दा कळतो. राजाच्या आधी त्याचं जेवण कोणीतरी चाखतं. हे कोणी फळ्यावर लिहून शिकवलं नाही. तुम्ही गोष्ट बघत होतात, बाकीचं आपोआप आत गेलं.

कोरियात या प्रकाराला 'सागुक' म्हणतात, म्हणजे ऐतिहासिक मालिका. आणि सगळ्या सागुकांची आजी म्हणावी अशी मालिका म्हणजे 'दे जांग गुम'. २००३ च्या सप्टेंबरात सुरू झाली, २००४ च्या मार्चमध्ये संपली, ५४ भाग. शेवटच्या भागाला त्या देशातल्या निम्म्याहून जास्त घरांत टीव्हीवर तीच चालू होती. पुढे ती चीन, जपान, इराणपासून कुठे कुठे गेली. आपल्याकडेही आली. २००६ मध्ये दूरदर्शनवर हिंदीत डब होऊन, 'घर का चिराग' अशा नावाने, जे ऐकून कोणाला वाटेल सासू-सुनेची मालिका आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा तेव्हा जन्मही झाला नसेल किंवा तुम्ही पाळण्यात असाल. म्हणजे ही 'लाट' तुमच्या मोबाइलच्या आधी तुमच्या आज्जीच्या टीव्हीवर येऊन गेलेली आहे. घरचा पुढचा टोमणा आला की ही माहिती वापरा.

मालिकेतली जांग-गुम ही राजवाड्याच्या स्वयंपाकघरात आलेली एक गरीब, पोरकी मुलगी. ती आधी स्वयंपाकीण होते, मग कारस्थानात सापडून हद्दपार होते, वैद्यक शिकते आणि शेवटी थेट राजावर उपचार करणारी वैद्य होते. खरी जांग-गुम होती का? होती. जुंगजोंग नावाच्या राजाच्या काळात, म्हणजे १५०६ ते १५४४ या राजवटीत. पण तिच्याबद्दल राजदरबाराच्या नोंदींत जे आहे ते अगदी तुटपुंजं. कुठे राणीच्या बाळंतपणाच्या संदर्भात नाव, कुठे राजाने दिलेलं बक्षीस, कुठे राजाचं आजारपण. मोजून काही ओळी. ती कुठली, आईबाप कोण, कधी वारली, काही नाही. तिचं ते गाजलेलं स्वयंपाकघर तर सरळ सरळ लेखिकेची कल्पना.

म्हणजे बघा, हातात काही ओळी. त्यावर ५४ भाग.

आता आपल्या स्टेशनावर उतरू. ३१ मार्च १८६५ ला कल्याणमध्ये एक मुलगी जन्मली. नाव यमुना, घरचे यमू म्हणत. कल्याणला रेल्वे येऊन तेव्हा जेमतेम अकरा वर्षं झाली होती. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात रूळ कल्याणला पोचले. नवव्या वर्षी यमूचं लग्न झालं, तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठ्या, पोस्टात कारकून असलेल्या बिजवराशी. गोपाळराव जोशी त्याचं नाव. यमूची आनंदी झाली. गोपाळरावांना बायकोला शिकवायचं खूळ होतं. खूळ हाच शब्द बरोबर, कारण त्यात प्रेम किती, जिद्द किती आणि जबरदस्ती किती हे आजही नक्की सांगता येत नाही. चौदाव्या वर्षी आनंदीला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. डॉक्टर व्हायचं तिने त्यानंतर ठरवलं.

बदल्या होत गेल्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, मग कलकत्त्याजवळ श्रीरामपूर. कोल्हापुरात असताना गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं, बायकोला शिकायला तिकडे येता येईल का म्हणून. ते पत्र अमेरिकेतल्या मिशनऱ्यांच्या एका मासिकात छापलं गेलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावात थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाईंनी ते वाचलं. कुठे? दातांच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघत बसल्या असताना. ही मी रचलेली गोष्ट नाही. त्या बाईंनी आनंदीला पत्र पाठवलं, आनंदीने उत्तर दिलं आणि कधीही न भेटलेल्या दोघींची मावशी-भाचीसारखी गट्टी जमली.

१८८३ च्या फेब्रुवारीत, श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात, अठरा वर्षंही पूर्ण न झालेली ही मुलगी भर सभेत उभी राहिली आणि आपण अमेरिकेला का चाललोय हे तिने इंग्रजीतून सांगितलं. एप्रिलमध्ये ती कलकत्त्याहून बोटीत बसली. नवरा बरोबर नाही. जूनमध्ये न्यूयॉर्क. मग फिलाडेल्फियाचं महिलांचं वैद्यकीय महाविद्यालय. तिथली हाडं गोठवणारी थंडी, शाकाहारी जेवणाचे हाल, खालावत चाललेली तब्येत. १८८६ च्या मार्चमध्ये एम.डी. पदवी. प्रबंधाचा विषय, प्राचीन हिंदू समाजातलं प्रसूतिशास्त्र. पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी तिला देऊ करण्यात आली. वर्षाच्या अखेरीस ती परतली ती क्षयाने पोखरून. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारली. बाविसावं वर्ष पूर्ण व्हायला महिना बाकी होता. एकही पेशंट कोल्हापूरला तपासला नाही. तिच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटर बाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, कल्याणच्या यमूची खूण आजही आहे.

आणि एक फोटो आहे. तुम्ही बघितला नसेल तर आज बघा. तारीख १० ऑक्टोबर १८८५. एका ओळीत तीन विद्यार्थिनी. साडीतली आनंदी, किमोनोतली जपानची केई ओकामी, आणि सीरियाच्या पोशाखातली साबात इस्लामबुली. तिघी एकाच कॉलेजच्या, तिघी आपापल्या देशात नवीन वाट पाडणाऱ्या. मला तर हा फोटो बघताना नेहमी वाटतं की सोलमधल्या एखाद्या लेखिकेच्या हाती हा लागला असता, तर एव्हाना सोळा भाग तयार होऊन आपण ते सबटायटल्स लावून लोकलमध्ये बघत असतो.

आपल्याकडे काहीच झालं नाही असं अजिबात नाही. श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी १९६८ ची, आणि मराठीत ती भरपूर वाचली गेली. त्यावर नाटक आलं. दूरदर्शनवर कमलाकर सारंग यांनी हिंदी मालिका केली. २०१९ मध्ये समीर विद्वांस यांचा सिनेमा आला, चांगला चालला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. त्याआधी काशीबाई कानिटकरांनी मराठीत चरित्र लिहिलं होतं आणि कॅरोलिन डाल या अमेरिकन बाईंनी तर आनंदी गेल्यानंतर वर्षभरातच, १८८८ मध्ये, इंग्रजीत. शुक्र ग्रहावरच्या एका विवराला तिचं नाव आहे. गुगलने २०१८ मध्ये तिचं डूडल केलं. मग अडलं कुठे?

अडलं ते इथे की ही गोष्ट आपण 'प्रेरणादायी' करून टाकली. पहिली महिला डॉक्टर, विनम्र अभिवादन, फोटोला हार, स्टेटसला फोटो. तुम्ही कल्याणच्या कॉलेजात असाल तर उद्या कँटीनमध्ये विचारून बघा, आनंदीबाई जोशी कुठल्या? पुणे हे उत्तर हमखास येईल. आपल्याला कल्याण म्हटलं की आठवतो तो दुर्गाडी किल्ला, १६५७ ची स्वारी, आणि कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट. यातल्या स्वारीला पुरावा आहे, खाडीत बांधल्या गेलेल्या मराठी आरमारालाही आहे. सुनेच्या गोष्टीला समकालीन कागदांचा आधार इतिहासकारांना मिळालेला नाही, तरी शाळेत सगळ्यांत आधी तीच कळते. गोष्टीत दम असतो तो असा. आनंदीची तर कागदोपत्री सिद्ध, तिच्याच हातची पत्रं असलेली गोष्ट. ती मात्र आपल्या तोंडी नाही.

कोरियाचं काय वेगळं आहे, याची ठरलेली उत्तरं तुम्ही ऐकली असतील. १९९७ चं आर्थिक संकट, मग १९९९ मध्ये संस्कृती-उद्योगांसाठी केलेला कायदा, सरकारी पैसा, मोठ्या कंपन्या, नेटफ्लिक्स. ते सगळं खरं आहे आणि त्यावर मॅनेजमेंटच्या मुलांनी प्रेझेंटेशन्स केलीच आहेत. मला त्यातलं एक वेगळंच टोक जास्त महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे कागद आणि माणसं जपण्याचं.

जोसन राजांच्या नोंदी म्हणजे 'सिल्लोक'. १३९२ पासून पुढची जवळपास पावणेपाचशे वर्षं, पंचवीस राजे. दरबारात रोज बखरकार बसायचे आणि राजा काय बोलला ते टिपून घ्यायचे. राजाला स्वतःबद्दलच्या नोंदी वाचायची परवानगी नव्हती. १४०४ मध्ये ताएजोंग राजा शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडला. उठून आधी इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, हे त्या बखरकाराला कळू देऊ नका. बखरकाराने राजा पडला तेही लिहिलं आणि कळू देऊ नका म्हणाला तेही लिहिलं. सहाशे वर्षांनी आपण हसतोय. या सगळ्या नोंदी आजच्या कोरियन भाषेत आणून इंटरनेटवर फुकट ठेवल्या आहेत. हवा तो शब्द टाका, शोधा. जांग-गुमच्या त्या ओळी अशाच नोंदींतल्या. 'रुकी हिस्टोरियन गू हे-र्‍योंग' ही २०१९ ची मालिका तर थेट बाई बखरकार असत्या तर, यावरच बेतलेली.

दुसरं, स्वयंपाक. 'दे जांग गुम'मध्ये दिसणारे ते देखणे पदार्थ कोणी केले? हान बोक-र्‍यो या बाईंनी. त्यांना ते आईकडून आलं. आईने ते शिकून घेतलं राजवाड्याच्या मुदपाकखान्यात काम केलेल्या शेवटच्या दासींपैकी एकीकडून. राजवट संपली, वाडा गेला, पण एका म्हातारीच्या हातातली चव कोणीतरी तिच्या शेजारी बसून लिहून घेतली, सरकारने तिला राष्ट्रीय वारसा म्हणून मान्यता दिली, आणि काही दशकांनी ती जगभरच्या टीव्हीवर गेली. २०२५ मध्ये 'बॉन अपेटिट, युअर मॅजेस्टी' आली तेव्हा आजच्या काळातली शेफ जोसनमध्ये जाऊन पडते आणि राजाला खाऊ घालते, हे आपण चाटूनपुसून बघितलं. त्यामागे ही सगळी साखळी उभी आहे.

आपल्याकडचे कागद? कागद कमी आहेत असं कोणी म्हणत असेल तर त्याला पुण्याला पाठवा. पेशवे दप्तरात मोडी लिपीतले रुमालच्या रुमाल आहेत. गो. स. सरदेसाईंनी त्यातून निवडक छापायचं म्हटलं तर पंचेचाळीस खंड झाले. राजवाड्यांनी गावोगाव वाडे धुंडाळून, माळ्यावरची दप्तरं उतरवून 'साधनां'चे बावीस खंड काढले. या कागदांत फक्त लढाया नाहीत. तांदळाचे भाव आहेत, भावाभावांची भांडणं आहेत, कोणाला सर्दी झाली आणि कोणते काढे दिले तेही आहे. सागुक लिहिणाऱ्याला दुसरं काय लागतं?

पण ते वाचणार कोण? हान्गुल लिपी तुमच्यापैकी कित्येकांनी एका सुट्टीत शिकून टाकली आहे. वहीच्या मागच्या पानावर आवडत्या हिरोचं नाव कोरियनमध्ये लिहिलेलं असतं, मी बघितलंय. छान आहे, शिकाच. सेजोंग राजाने ती सामान्य माणसाला वाचता यावी म्हणूनच १४४६ मध्ये जाहीर केली होती. आता घरातल्या जुन्या ट्रंकेतली, पणजोबांच्या वेळची जमिनीची किंवा देण्याघेण्याची कागदं बाहेर काढा. मोडी. घरात एकालाही वाचता येत नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपर्यंत जी लिपी इथला कारकून डोळे मिटून लिहायचा, ती दोन-तीन पिढ्यांत आपल्याला गिचमिड वाटायला लागली. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं, आणि २०१४ पासून मोडी युनिकोडमध्येही आहे, म्हणजे फोनवर फॉन्ट टाकून लिहिता येते. सेमिस्टर संपल्यावर दहा दिवस द्यायला हरकत नाही. एक 'सीझन' तेवढा वेळ सहज खातो.

आता आपल्या मालिकांकडे. 'भारत एक खोज'मधले १९८८ चे शिवाजी महाराज, म्हणजे नसीरुद्दीन शाह, आई-बाबांना विचारा, अजून आठवतात. २००८ मध्ये 'राजा शिवछत्रपती' आली, नितीन देसाईंनी केलेली, आणि आपल्या गाडीच्या कर्जत टोकाला असलेला त्यांचा स्टुडिओ घराघरात पोचला. २०१७ ते २०२० 'स्वराज्यरक्षक संभाजी'. या मालिकांनी घरच्या घरी इतिहासाच्या चर्चा घडवल्या, त्याचं मोल कमी करायचं कारण नाही. तरी माझी आवडती मात्र २०१२ ची 'उंच माझा झोका'. रमाबाई रानडे. तिच्यात तलवार नव्हती. होती ती पाटी, आणि ती हातात धरली म्हणून घरातल्या बायकांची बोलणी. लहानशी रमा चोरून अक्षरं गिरवते ते बघायला आमच्या चाळीत संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या थांबायच्या. म्हणजे प्रेक्षक नाही हे कारण खोटं आहे.

कारण दुसरं आहे, आणि ते कंटाळवाणं पण खरं आहे. आपली मालिका रोज लागते. रोज बावीस मिनिटं भरायची, टीआरपी आला तर वाढवायची, घसरला तर गुंडाळायची. मग एका वाक्यावर सहा चेहरे आणि तीन वेळा ढॅण्ण. सागुक सोळा किंवा वीस भागांत संपतो हे लिहायला बसतानाच माहीत असतं, म्हणून पहिल्या भागात पडलेली अंगठी चौदाव्या भागात सापडते. तीच गोष्ट पोशाखाची. रोज शूटिंग म्हटल्यावर अठराव्या शतकातल्या बाईला आजच्या दुकानातली तयार नऊवारी नेसवली जाते, वेलक्रोसकट. आणि सबटायटल्स! मराठी ऐतिहासिक मालिका तुमच्या चेन्नईच्या हॉस्टेलमधल्या मैत्रिणीला दाखवायची तर तुम्हालाच शेजारी बसून समजावून सांगावी लागते.

राहता राहिला भावनांचा प्रश्न. आपल्याकडे इतिहासावर काही काढायचं म्हणजे आधी वकील बघायचा, असं सगळे म्हणतात. पण कोरियात सगळं खुशाल चालतं हा आपला गोड गैरसमज. २०२१ च्या मार्चमध्ये 'जोसन एक्झॉर्सिस्ट' नावाची मालिका दोन भागांनंतर कायमची बंद झाली. जोसनच्या राजपुत्राच्या मेजवानीत चिनी पद्धतीचे पदार्थ दाखवले, इतिहासाचा विपर्यास केला, म्हणून लोक भडकले, जाहिरातदार पळाले, वाहिनीने हात झटकले. फरक एवढाच दिसतो की त्यांनी वाटा काढल्या आहेत. 'बॉन अपेटिट'मधला राजा उघड उघड येओनसान या जुलमी राजावर बेतलेला, पण नाव बदललेलं. किंवा राजा बाजूला ठेवायचा आणि गोष्ट दासीची, चित्रकाराची, वैद्याची सांगायची. राजाच्या मूर्तीला धक्का लागत नाही आणि राज्य मात्र पूर्ण दिसतं, खालून वर बघितलेलं.

आनंदीच्या बाबतीत ही वाट किती सोपी आहे बघा. तिच्या नवऱ्याने तिला लाकडाने मारलं, खुर्च्या फेकल्या, सोडून जाण्याच्या धमक्या दिल्या, आणि त्याच नवऱ्याने जग विरोधात असताना तिला शिकवलं. मारहाणीचं तिने स्वतः पत्रात लिहून ठेवलंय, अमेरिकेतून, त्यालाच. हे पत्र वाचल्यावर गोपाळरावांचं काय करायचं ते कळत नाही. हार घालावा की नाही? के-ड्रामाच्या भाषेत सांगायचं तर हा 'सेकंड लीड'ही नाही आणि व्हिलनही नाही. असा माणूस सोळा भाग तुम्हाला झोपू देणार नाही. आदर्श जोडपं म्हणून त्यांना फ्रेममध्ये बसवलं की मात्र गोष्ट मेली.

एक सावधानही. कोरियन पडद्यावरचा इतिहास धुतलेला, इस्त्री केलेला असतो. जोसनमध्ये गुलामी होती, पिढ्यानपिढ्यांची. पडद्यावर तिचं ओझं क्वचितच जाणवतं. तिथल्या शेतकऱ्याचे कपडेही आपल्या लग्नातल्या कपड्यांपेक्षा स्वच्छ. हा त्यांचा निर्यातीचा माल आहे, आणि निर्यातीच्या हापूसची पेटी वरून नेहमीच छान दिसते. हानबोक घालून आलात तर सोलच्या ग्योंगबोकगुंग राजवाड्यात तिकीट माफ असतं, म्हणून आसपास भाड्याच्या हानबोकची दुकानं थाटली गेलीत आणि परदेशी मुली जोसनच्या राण्या होऊन फोटो काढतात. फडके रोडच म्हणा ना, फक्त रोज. त्याची नक्कल करून दुर्गाडीखाली भाड्याचे फेटे लावायचे असं कोणी समजू नये. तेवढं तर आपण कधीही करू.

मला हवी आहे ती गोष्ट, आणि ती मालिकेच्या आधी एकांकिकेत येऊ शकते. गडकरी, अत्रे, सावित्रीबाई फुले, तिन्ही नाट्यगृहांत तुमच्या एकांकिका होतात. दरवर्षी विंगेत तुमची धावपळ बघतो, सेटचे खिळे ठोकताना बोट ठेचलेले दिग्दर्शकही बघतो. इतिहासाचा विषय आला की बहुतेक वेळा नगारा वाजतो आणि मशाल येते. या वर्षी एखाद्या ग्रुपने मशाल घरी ठेवावी. पात्रं मिळवायला फार लांब जायला नको. ठाण्याचा किल्ला, जो आज तुरुंग आहे, तिथे १७३७ मध्ये पोर्तुगीज जाऊन मराठे आले, त्या आठवड्यात बाजारात भाजी विकणारी बाई काय बोलली असेल? १८५४ मध्ये कल्याणला पहिल्यांदा गाडी थांबली तेव्हा खाडीवरच्या होडीवाल्याचं काय झालं? आणि यमू.

यमूचा पहिला सीन मी कित्येक दिवस मनात लावून बघतोय. कल्याणच्या वाड्यात ती खेळतेय असा सुरू करू नका, सगळे तसाच करतात. सुरू करा रोझेलमध्ये. दाताच्या डॉक्टरची वेटिंग रूम, गाल सुजलेली एक बाई, टेबलावर जुनी मासिकं. ती वेळ घालवायला एक उचलते, पानं उलटते आणि एका पानावर थांबते. आतून तिच्या नावाचा पुकारा होतो. ती उठत नाही.

पुढचं तुम्ही लिहा. एक पान पुरे, आमच्याकडे पाठवा. चांगलं जमलेलं याच जागी छापू.